फाटकापाशी विचारलेला प्रश्न

माझं काम नेमकं काय, हे अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मला कधीच नीट समजावता आलं नाही. सोसायटीत कुणी विचारलं की ते सांगायचे, "मोबाइलात बटणं कुठे ठेवायची ते आमची पोरगी ठरवते." माझं डोकं फिरायचं. एवढं शिकून, पंधरा वर्षं घासून मी काय बटणंवाली झाले? पण खरं सांगायचं तर त्याहून बरी व्याख्या आमच्या ऑफिसातसुद्धा कुणाला जमलेली नाही. माणूस पडद्याकडे बघतो तेव्हा त्याची नजर आधी कुठे जाते, तो कशाला बिचकतो, कुठे अडतो, कुठलं बटण न वाचताच दाबून मोकळा होतो, हे शोधायचं आणि त्याच्या डोक्याच्या चालीने पडदा मांडायचा. नवीन पोरं कामाला लागली की त्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते. माणूस अडला तर चूक त्याची नसते, पडद्याची असते. त्याला शहाणपण शिकवायचं नाही, आपला पडदा बदलायचा.

ऑफिस मरोळला, औद्योगिक वसाहतीत. आधी तिथे कसलासा कारखाना होता, आता सगळी काच आहे. खिडक्या उघडत नाहीत. माझी जागा कोपऱ्यात, आणि समोर मीटिंगची खोली, तीही काचेची. घर मुलुंडला. घरात आम्ही दोघंच, अप्पा आणि मी. आई सात वर्षांपूर्वी गेली. आजोबा गिरणीत होते, अप्पांनी भांडुपच्या एका कंपनीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी जे उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तापट आहे मी, ते लपवण्यात काही अर्थ नाही. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग ठेवलेलाच असतो.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी अप्पा चष्मा दुरुस्त करायला घाटकोपरला गेले आणि चार तास सापडले नाहीत. फोन बंद. मी मरोळहून रिक्षाने घरी आले, दोन दवाखान्यांत चौकशी केली, पोलीस चौकीत जाऊन आले. शेवटी सोसायटीच्या फाटकात येऊन उभी राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. संध्याकाळी ते रिक्षातून उतरले. रस्ता चुकले होते, वेगळ्याच बाजूला चालत गेले होते, आणि फोनची बॅटरी संपली होती. बस, एवढंच. मी वॉचमनच्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देखत त्यांना इतकं बोलले की काकू आत निघून गेल्या. अप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. मग मी तिथेच रडले. त्या दिवसापासून ऑफिसात बसले की माझा जीव टांगणीला लागायचा. दर तासाला फोन करायचे. त्यांनी उचलला नाही की पुन्हा पुन्हा लावत बसायचे.

त्याच सुमारास ऑफिसात नवीन काम आलं. घरी एकटे असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ॲप. मुलांनी कामावरून बघायचं, आईवडील कुठे आहेत, कसे आहेत. मी हात वर करून ते काम मागून घेतलं. टीम लीडर माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, स्वभावाने गोड आहे. तो म्हणाला, "तुझं पर्सनल कनेक्शन आहे ना यार, तूच कर."

आम्ही बोरिवली आणि घाटकोपरमध्ये घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोललो. चहा प्यालो, त्यांचे फोन बघितले. बहुतेकांना अक्षर मोठं हवं होतं, बटणं थोडी हवी होती, आणि लिहायला तर नकोच होतं. म्हणून ठरलं की फोनने बोलावं. माणूस घराच्या हद्दीबाहेर पडला, म्हणजे सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं, की फोन थरथरेल आणि विचारेल. खाली चार मोठी बटणं. बाजार, देऊळ, दवाखाना, इतर. एक दाबलं की मुलांच्या फोनवर ठिपका हिरवा. नाही दाबलं तर फोन पुन्हा विचारेल, आणि मुलांच्या फोनवर लाल अक्षरं येतील. माणूस परत घरी आला की आपोआप 'घरी पोचले'.

विचारायचं काय, यावर दोन मीटिंगा भांडण झालं. कुणीतरी मराठीसाठी लिहून आणलं होतं, 'कृपया आपले गंतव्यस्थान निवडा.' मी भडकले. म्हटलं, हे काय एसटीचं आरक्षण आहे? घरातलं माणूस असं बोलतं का? घरातलं माणूस विचारेल, कुठे चाललात? बस. सगळ्यांना पटलं. मग आवाज कुणाचा, तर आवाज देणारी बाई मिळेपर्यंत तात्पुरता माझा घेतला. मीटिंगच्या खोलीत दार लावून मी सात-आठ वेळा बोलले. "कुठे चाललात? सांगा बरं." शेवटच्या वेळी आवाजात अगदी लेकीची माया आली. लीडर म्हणाला, झकास, हाच ठेवू. मला छान वाटलं. तोच राहिला.

बोरिवलीच्या एका आजींना आम्ही ते ऐकवलं होतं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "निघताना असं विचारतं का गं कुणी?" मी वहीत लिहिलं, 'हसल्या. आवाज आवडला.'

ॲप बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा ते अप्पांच्या फोनवर घातलं. रविवारी डायनिंग टेबलापाशी बसून शिकवलं. हे बाजार, हे देऊळ. त्यांनी विचारलं, "आणि भांडुप?" म्हटलं, ते 'इतर'मध्ये. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बरं. प्रत्यक्ष फाटकाबाहेर नेऊन मी ते त्यांच्याकडून करून घेतलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला धारेवर धरलं असतं. जिथे वापरायचं तिथे नेऊन बघा, हे मीच सगळ्यांना सांगत असते.

भांडुपचं सांगते. अप्पांचा तिथे एक मित्र होता. दोघं एकाच आठवड्यात कंपनीत लागले, शेजारशेजारच्या मशीनवर अडतीस वर्षं उभे राहिले. मित्राला लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ थांबलं. मुलगा सून दोघं नोकरीवाले, दिवसा एक बाई यायची. त्याचं बाकी सगळं ती बाई करायची, पण दाढीला तो तिला हात लावू द्यायचा नाही. मुलालाही नाही. मान फिरवायचा. एकदा अप्पा सहज गेले होते तेव्हा त्यांनी केली, तर लहान मुलासारखा गाल पुढे करून बसला. तेव्हापासून बुधवार आणि शुक्रवार ठरून गेले. सकाळी दहाला अप्पा कापडी पिशवीत ब्रश, साबणाची वाटी, रेझर आणि तुरटीचा खडा घेऊन निघायचे. दाढी करायची, तुरटी फिरवायची, मग दोघं बसून राहायचे. अप्पा बोलायचे, तो ऐकायचा. दुपारी जेवायला घरी. दोन वर्षं त्यात खंड पडला नव्हता. आई गेल्यावर अप्पांनी घराबाहेर आपलं म्हणावं असं तेवढंच ठेवलं होतं.

ॲप घातल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी बसमध्ये होते. पवईच्या तलावापाशी बस रोज अडकते, ती अडकली होती. काचा बंद, पुढे मागे गाड्या. मी फोन काढून ठिपका बघितला. दहा वाजून पाच मिनिटांनी ठिपका फाटकाकडे सरकला, फाटकाबाहेर आला, थांबला आणि परत घराकडे गेला. 'घरी पोचले.' दहा मिनिटांनी पुन्हा फाटक. पुन्हा घर. 'घरी पोचले.' मग तो हललाच नाही. मला वाटलं काहीतरी विसरले असतील. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "आज नाही जमलं गो."

शुक्रवारीही तेच. पुढच्या बुधवारीही तेच. फाटक, घर, फाटक, घर. मग ठिपका दिवसभर आमच्या इमारतीवर. मधल्या दिवसांतही ते कुठे जाईनासे झाले. दूध दारात येतच होतं, भाजी त्यांनी वॉचमनला सांगून मागवायला सुरुवात केली. चालायचे ते कम्पाउंडच्या आत, पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून, पंधरा फेऱ्या. रविवारी मी घरी असायचे, पण रविवारी मी उशिरा उठून लोळत पडायचे आणि सगळं घरपोच मागवायचे. त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर पडायची वेळ कधी आलीच नाही.

आता खरं ते लिहिते. मला बरं वाटलं होतं. ठिपका घरावर असला की माझं मीटिंगमध्ये लक्ष लागायचं. दर तासाचे फोन दिवसातून एकदोनावर आले. गुडघे दुखत असतील, वयच झालं, म्हटलं, घरात सुरक्षित तरी आहेत. मित्राचं मनात यायचं, नाही असं नाही. पण त्याच्याकडे बाई आहे, मुलगा आहे, असं म्हणून मी ते बाजूला सारायचे. ऑफिसात मी अप्पांचं उदाहरणसुद्धा दिलं. म्हटलं, माझ्या वडिलांचं निष्कारण भटकणं कमी झालंय. लीडरने ते वाक्य मोठ्या साहेबांना दाखवायच्या सादरीकरणात घातलं.

एकदा, पंधरा दिवस झाले असतील, रात्रीच्या जेवणाला बसताना अप्पांनी विचारलं, "ते विचारतं ना गो बाहेर पडल्यावर, ते बंद नाही होत?"

मी ऑफिसातून वैतागून आले होते. म्हटलं, "अहो अप्पा, एक बटण दाबायचं असतं फक्त. एवढं काय त्यात? लोक पैसे देऊन घेतात ते. आणि मी तुमच्यासाठी मरमर मरते, तुम्हाला बटण दाबायचा कंटाळा?"

"नाही नाही, ठीक आहे," ते म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली. बोरिवलीच्या आजींनी हेच विचारलं असतं तर मी खुर्ची पुढे ओढून म्हटलं असतं, सांगा आजी, काय होतं नेमकं, कुठे अडतं? वापरणाऱ्यावर चिडायचं नाही हा नियम मी पगारापुरता पाळत होते.

चौथ्या आठवड्यात मित्राच्या सुनेचा फोन आला. बिचारी संकोचून बोलत होती. "ताई, काका रागावलेत का आमच्यावर? बाबांची दाढी वाढलीय केवढी. ह्यांनी करायला घेतली तर डोकं उशीत खुपसलं. आणि दहा वाजले की दाराकडे बघतात."

मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो. तसा तो आला, अप्पांवर. घरी जाऊन म्हटलं, "तो माणूस तुमची वाट बघतोय आणि तुम्ही गाड्यांच्या मधून फेऱ्या मारताय?" त्यांनी एवढंच विचारलं, "सुनेचा फोन होता?" मग म्हणाले, "जाईन. बुधवारी नक्की."

बुधवारी मी ऑफिसातून त्यांच्यासाठी रिक्षा मागवली, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न नको. रिक्षा फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. मी काचेच्या खोलीत, मीटिंग चालू, फोन मांडीवर. ठिपका फाटकाबाहेर आला आणि परत गेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रिक्षावाल्याचा फोन आला. "मॅडम, अंकल आए थे. मोबाइल देखा, फिर वापस चले गए. मैं कितना रुकूँ?" मी मीटिंगमधून उठून जिन्यात गेले आणि अप्पांना फोन लावला. काय काय बोलले ते आठवतं, पण लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "नसेल जायचं तर स्पष्ट सांगा, लोकांना ताटकळत ठेवू नका." पलीकडे नळाचं पाणी भांड्यात पडल्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, "पाणी पितोय. निघतोच आहे." पुन्हा फाटक. पुन्हा घर. रिक्षा निघून गेली.

पुढच्या सोमवारी सकाळी सातला सुनेचा फोन आला. मित्र पहाटे झोपेतच गेला.

अप्पांनी ऐकलं, गॅसवरचा चहा बंद केला आणि कपडे बदलायला आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात ती कापडी पिशवी होती. लिफ्टमधून खाली उतरलो, गाड्यांच्या मधून चालत फाटकाबाहेर पडलो. समोर रिक्षा उभी होती. मी तिच्यात पाय ठेवला आणि मागून माझाच आवाज आला.

"कुठे चाललात? सांगा बरं."

अप्पांच्या शर्टाच्या खिशातून. लेकीच्या मायेने. अप्पा जिथे होते तिथे थांबले. म्हणाले, "तू बस गो रिक्षात, मी पाणी पिऊन येतो," आणि परत फिरले.

मी रिक्षातून पाय खाली घेतला. आमच्या घरात निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारायचं नसतं. कधीच नाही. लहानपणी मी एकदा अप्पांना कामावर निघताना असं विचारलं तर आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. म्हणाली होती, विचारायचंच तर कधी येणार ते विचार, कुठे म्हणून टोकू नये. कुणी टोकलंच तर घरात परत यायचं, घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. दुसऱ्यांदा टोकलं तर त्या दिवशी जायचंच नाही. हे मला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. कोकणातून आलेल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या घरात हे असंच आहे. मला ते माझ्या हातापायांइतकं माहीत होतं. फक्त मरोळच्या त्या काचेच्या खोलीत ते एकदाही मनात आलं नाही. तिथे मी वापरणाऱ्यांच्या डोक्याचा विचार करत होते, आणि आपलं घर त्यात मोजलंच नव्हतं.

ते वर गेले, बसले, पाणी प्याले, परत खाली आले. पाच मिनिटं लागली असतील. मी फाटकाच्या आतच त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

भांडुपला मित्राच्या इमारतीत सगळे जमले होते. त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पाच आठवड्यांची दाढी, पांढरी, गळ्यापर्यंत उतरलेली. मी त्याला नेहमी अप्पांनी नीट केलेल्या चेहऱ्यानेच बघितलं होतं. तो कुणी दुसराच वाटत होता. अप्पा त्याच्या उशाशी बसले आणि पिशवी उघडून वाटी बाहेर काढली. मुलाला म्हणाले, "दहा मिनिटं दे मला." तेवढ्यात मुलाचे मामा पुढे आले. म्हणाले, "काका, आता राहू दे. गाडी खाली आलीय, उशीर होतोय." कुणी वाईट बोललं नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना उठवलं. अप्पांनी वाटी परत पिशवीत ठेवली, नाडी बांधली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

त्या आठवड्यात मी ऑफिसात त्या प्रश्नाबद्दल बोलले. मीटिंगमध्ये उभी राहून सगळं सांगितलं, अप्पांचं, मित्राचं, टोकण्याचं. म्हटलं, 'कधी येणार' असं विचारू, काम तेच होईल. एक मुलगी रडली. मग लीडर अगदी हळू आवाजात म्हणाला, "सो सॉरी यार. पण ही तुमच्याकडची पद्धत आहे ना, सगळ्यांची नाही. आणि कुठे जातात हेच तर मुलांना हवंय. लोक बाहेर कमी पडतायत हे आपण यश म्हणून दाखवलंय. आता बदलायचं तर सगळ्यांच्या परवानग्या लागतील. यादीत टाकतो." मी म्हटलं, निदान माझा आवाज काढा. तो म्हणाला, तेही यादीत टाकतो. यादी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, ती मीच सांभाळते. अजून कुठल्या कुठल्या फाटकांत, बोरिवलीला, मुलुंडला, माझाच आवाज लोकांना मागून विचारतो आहे. मी नोकरी सोडलेली नाही. घर चालवायचं आहे आणि ह्या वयात दुसरीकडे कोण घेणार. रोज त्याच जागेवर जाऊन बसते.

त्या दिवशी घरी आले ती धुमसतच. अप्पांचा फोन उचलला, ॲप काढून टाकलं आणि फोन टेबलावर जवळजवळ आपटला. ते खिडकीशी बसून चहा पीत होते.

"मला एक सांगा," मी म्हटलं, "बोलला का नाहीत? एकदा सांगायचं, बाई, असं विचारू नको. मी काय परकी आहे?"

"विचारलं होतं, बंद होतं का म्हणून."

"नीट सांगायचं ना मग. आणि मानायचं कशाला एवढं? फोन आहे तो, माणूस नाही. पुढे चालू लागायचं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आईला मी विचारलं होतं त्या दिवशी. ती बाजारात निघालेली. मी पेपर वाचत होतो, तोंडातून निघून गेलं, कुठे चाललीस? ती म्हणाली, झालं, टोकलंत. मी म्हटलं, बस जरा, पाणी पी. तर म्हणाली, उशीर झालाय, आणि गेली."

आई बाजारात भाजीच्या गाडीपाशी कोसळली आणि घरी आलीच नाही, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी तिला विचारलं होतं, हे सात वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माझा राग कुठच्या कुठे गेला. पण तोंड थांबलं नाही. मी विचारलं, "मग फोन घरी ठेवून जायचं होतंत. बुधवारी दोन तास, शुक्रवारी दोन तास. मला कळलंसुद्धा नसतं."

"कळलं असतं. तू फोन करायचीस ना मध्ये. उचलला नाही की?"

मी टेबलावरचा फोन उचलून पुन्हा खाली ठेवला.

"त्या चष्म्याच्या दिवशी तू फाटकात उभी होतीस," अप्पा म्हणाले. "एका पायात तुझी चप्पल, एका पायात माझी. सगळ्यांसमोर ओरडलीस. मला तेव्हाच वाटलं, हिची पुन्हा अशी गत करायची नाही." मग ते खिडकीबाहेर बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "त्याचं काय, तो रागावला नसता गो. मी नाही गेलो तरी समजून घेतलं असतं त्याने. तू नसतं घेतलंस."

त्यांनी कप उचलला, आत नेऊन विसळला आणि पालथा घातला. मी तिथेच उभी होते.